विलाप-प्रार्थना (ख्रिस्ती परंपरा)

सोसवत नाही अशा संकटात दुःख, तक्रार, राग आणि याचना देवापुढे काहीही न लपवता मांडण्याची ख्रिस्ती प्रार्थनापद्धती. मराठीतले 'गाऱ्हाणे घालणे' आणि 'धावा करणे' हे शब्द तिच्या सर्वांत जवळ जातात. श्रद्धावंताने दुःख मुकाट्याने सोसावे, देवाला जाब विचारणे म्हणजे विश्वास डळमळल्याची खूण, असा समज अनेक ख्रिस्ती घरांतही असतो. पवित्र शास्त्राचा पुरावा मात्र याच्या नेमका उलट आहे.

या प्रार्थनेचे मूळ यहुदी लोकांच्या स्तोत्रसंहितेत आहे. तिच्यातील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. काही एकट्या माणसाची, तर काही साऱ्या लोकसमूहाची. अभ्यासकांना त्यांत एक सर्वसाधारण क्रम दिसतो: आधी देवाला हाक, मग गाऱ्हाणे, त्यानंतर मागणे आणि शेवटी भरवसा किंवा स्तुतीचा नवस. तेरावे स्तोत्र त्याचा सर्वांत आटोपशीर नमुना आहे. त्याच्या सुरुवातीलाच 'कोठवर?' हा प्रश्न चार वेळा येतो आणि मोजक्या ओळींनंतर तोच माणूस गाऊ लागतो. मधल्या काळात परिस्थिती पालटली, असे स्तोत्र कुठेही म्हणत नाही. चव्वेचाळिसाव्या स्तोत्रात तर अख्खा समाज देवाला, झोपलास का, जागा हो, असे बजावतो.

पण हा क्रम दर वेळी पुरा होत नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते. त्याला आशेची ओळ जोडलेली नाही, आणि तरीही ते प्रार्थना म्हणून शास्त्रात आहे. दुःखी माणसाला घाईने धीर देऊ पाहणाऱ्यांनी हे स्तोत्र आधी वाचावे. बायबलमधल्या ईयोबाच्या, म्हणजे संकटांनी घेरलेल्या एका नीतिमान माणसाच्या, पुस्तकातही हेच दिसते. देवाची बाजू घेऊन ईयोबाला समजावणाऱ्या मित्रांवर शेवटी देवाचाच कोप होतो. ते माझ्याविषयी यथार्थ बोलले नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, असा निवाडा तो देतो.

इ.स.पू. ५८७ च्या सुमारास बाबिलोनी सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले. त्या शोकातून आलेल्या विलापगीत या पुस्तकातली पहिली चार गीते हिब्रू वर्णमालेच्या अक्षरक्रमाने रचलेली आहेत. आकांताला असा बांधीव साचा देण्यामागे, दुःख पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत बोलून घेण्याची गरज असावी. पाचव्या गीतात २२ अक्षरांइतकीच, म्हणजे २२ कडवी आहेत, पण अक्षरक्रम सुटलेला आहे.

ख्रिस्ती माणसासाठी या परंपरेला सर्वांत मोठा आधार स्वतः येशूचा आहे. गेथशेमाने बागेत त्याने हा प्याला, म्हणजे समोरचे दुःख आणि मरण, टळावे म्हणून विनवणी केली, ती एकदाच नाही, आणि प्रत्येक वेळी पित्याच्या इच्छेपुढे मानही तुकवली. वधस्तंभावर 'एली, एली, लमा सबख्थनी' म्हणजे 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' असा त्याने टाहो फोडला. हे शब्द बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचे आहेत. मरणघटकेला त्याच्या ओठी आली ती त्याच्या लोकांची जुनी विलाप-प्रार्थना. शब्दच सुचत नाहीत त्या अवस्थेबद्दल पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे की, तेव्हा पवित्र आत्मा शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी विनवणी करतो. म्हणूनच आजारी किंवा शोकाकुल माणसाच्या उशाशी बसून मंडळीने त्याच्या वतीने स्तोत्र वाचण्याची रीत आहे. त्याने स्वतः काही बोललेच पाहिजे असे नाही.

चर्चने संकटकाळासाठी सामुदायिक रूपेही घडवली. पाचव्या शतकात गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) व्हिएन येथील बिशप मामेर्तुस यांनी आपत्तींनी हैराण झालेल्या नगरात उपवास आणि प्रार्थनेच्या मिरवणुका सुरू केल्या. रोग, दुष्काळ आणि युद्ध यांपासून सोडव, असे आळवणाऱ्या लितानी (एकाने याचना म्हणायची आणि लोकांनी प्रतिसाद द्यायचा अशा प्रार्थना) पुढे सर्वत्र रुळल्या. अलीकडचे उदाहरण २७ मार्च २०२० चे. करोनाच्या साथीत पोप फ्रान्सिस यांनी पावसात, रिकाम्या सेंट पीटर्स चौकात प्रार्थना केली. त्या वेळी वादळात सापडलेल्या शिष्यांचा उतारा वाचला गेला. बुडणाऱ्या नावेत येशू झोपलेला आहे आणि शिष्य विचारतात, आम्ही मरतो आहोत याची तुला काळजी नाही का? हीदेखील तक्रारच आहे.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा वांद्रे, गिरगाव, माझगाव या भागांतील ख्रिस्ती वस्त्यांमधून क्रूस उभे राहिले. लोक संध्याकाळी त्यांच्यासमोर जमून प्रार्थना करत. त्यांतले काही क्रूस आजही गल्लीच्या वळणावर फुले आणि मेणबत्त्यांसह उभे आहेत. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना (नऊ वेळा करायची प्रार्थना) होते आणि बिगर-ख्रिस्ती लोकही तिथे आपले गाऱ्हाणे घेऊन येतात. वांद्र्याच्या मोतमाऊलीपुढे (माउंट मेरी चर्चमधील मरियेपुढे) मेणाचे हात, पाय, घरे वाहतात. दुखणाऱ्या अवयवाचा असा आकारही एक प्रार्थनाच होय.

मराठी मुलखात दुष्काळ आणि प्रार्थना यांचे नाते पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात सर्वाधिक ठळक आहे. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांनी आईवडील गमावले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला 'मुक्ती' हे आश्रयस्थान वसवले. तिथे प्रार्थनेबरोबर विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, छापखाना चालला. देवाकडे मागणे आणि स्वतः राबणे यांत रमाबाईंनी कधी अंतर पडू दिले नाही. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी हे काम त्यांनी सोडले नाही. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाईंचेही निधन झाले.