गाडीचे दोन कॅटलॉग: एकात नंबर काढायचा, दुसऱ्यात पार्ट शोधायचा

गाडीचा पार्ट ऑनलाइन शोधायला बसलं की दोन जातींची पानं समोर येतात, आणि दोन्ही पहिल्या नजरेला सारखीच दिसतात. वर गाडीचं नाव, खाली मॉडेल आणि वर्ष, त्याखाली पार्टची यादी. त्यातलं एक पान गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगचं असतं: सुट्या भागांची रेषाचित्रं, प्रत्येक भागाला आकडा, शेजारी लांबलचक नंबरांचा तक्ता. दुसरं असतं पार्ट बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्या कंपनीचं, म्हणजे बॉश, मान, गॅब्रिएल, राणे यांच्यासारख्यांचं, नाहीतर त्यांचा माल विकणाऱ्या एखाद्या साइटचं.

बहुतेक लोक दोन्ही पानं एकच समजून वापरतात आणि चुकीचा पार्ट घरी येण्याची सुरुवात तिथेच होते. पहिला कॅटलॉग सांगतो, ‘ही गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात नेमकं काय बसवलं होतं?’ दुसरा सांगतो, ‘आमच्याकडचं काय अशा गाड्यांना बसेल?’ पहिल्यात एका गाडीबद्दल बोलणं असतं, दुसऱ्यात गाड्यांच्या एका गटाबद्दल. त्या गटात आपली गाडी खरंच येते का, हे दुसरा कॅटलॉग स्वतःहून तपासत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं.

आपल्याकडच्या रस्त्यांवर ढिगाने दिसणारं उदाहरण घेऊ. एमएच ०४ किंवा एमएच ४३ ची स्विफ्ट, आरसीवर नोंदणी जानेवारी २०१८. साइटवर ‘मारुती, स्विफ्ट, २०१८’ निवडलं, की पुढच्या डिस्क पॅडपासून हेडलाइटपर्यंत सगळं धडाधड समोर येतं. पण नवीन पिढीची स्विफ्ट बाजारात आली फेब्रुवारी २०१८ मध्ये. जानेवारीत नोंद झालेली गाडी म्हणजे २०११ पासून चालत आलेली जुनी पिढी. नवीचा सांगाडा वेगळा, सस्पेन्शन वेगळं, पत्रा वेगळा. ‘२०१८ ची स्विफ्ट’ या तीन शब्दांत दोन वेगळ्या गाड्या बसतात. डिझायरमध्ये गुंता आणखी वाढतो. नवी डिझायर मे २०१७ मध्येच आली, म्हणजे काही महिने शोरूममध्ये नवी डिझायर आणि जुनी स्विफ्ट शेजारी शेजारी उभ्या होत्या. त्यानंतरही जुन्या आकाराची डिझायर ‘टूर’ नावाने टॅक्सीवाल्यांना मिळत राहिली. ठाणे स्टेशनबाहेर उभी असलेली २०१८ ची टूर आणि सोसायटीतली २०१८ ची डिझायर यांचं वर्ष एक आणि नावही जवळपास एक, पण पार्ट एक नाहीत.

म्हणून सुरुवात मॉडेल आणि वर्षापासून करू नये. चासी नंबरापासून करावी. तो आरसीवर असतो, आणि गाडीवरही ठोकलेला असतो: कुणाच्या बॉनेटखालच्या मागच्या पत्र्यावर, कुणाच्या पुढच्या सीटखाली. सतरा अक्षरं-आकडे असतात आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात. त्यामुळे गोल दिसलं तर ते शून्यच आणि उभी रेघ दिसली तर तो एकच. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची: एमए३ मारुती, एमएटी टाटा, एमएएल ह्युंदाई, एमए१ महिंद्रा. डीलरच्या पार्ट काउंटरवरच्या संगणकात हा नंबर टाकला की कॅटलॉग त्या एकाच गाडीपुरता गाळून समोर येतो. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्षही असतं. नोंदणीची तारीख सोडून द्या आणि ती तारीख धरा, कारण डिसेंबरात बनलेली गाडी मार्चमध्ये विकली जाणं ही रोजची गोष्ट आहे.

आता चित्र. कंपनीच्या कॅटलॉगमधलं चित्र हा फोटो नव्हे. सगळे भाग सुटे करून, ज्या क्रमाने निघतात त्या क्रमाने हवेत मांडलेले असतात. कोणता वॉशर बोल्टच्या आधी आणि कोणता नंतर, हे त्यातून कळतं आणि चांगला मेकॅनिक त्यासाठीही ते बघतो. पण तेच चित्र अनेक व्हेरियंटसाठी वापरलेलं असतं. चित्रातला मिरर आपल्या मिररसारखा दिसतो, यावरून काहीही सिद्ध होत नाही. खरा निकाल शेजारच्या तक्त्यात असतो.

इथे लोक हमखास अडकतात. चित्रात भागाच्या शेजारी ‘७’ लिहिलेलं असतं. तो पार्ट नंबर नाही, तक्त्यातल्या सातव्या ओळीकडे बोट दाखवणारी खूण आहे, आणि पुढच्या चित्रात ‘७’ भलतंच काही असेल. मारुती किंवा ह्युंदाईच्या नंबरांची सवय असलेल्याला टोयोटाचं चित्र जास्त फसवतं, कारण तिथे खुणेच्या जागी ०४४६५ असा पाच आकडी कोड दिसतो आणि तो खऱ्या नंबरासारखा वाटतो. त्याचा अर्थ फक्त ‘पुढचे ब्रेक पॅड’ एवढाच. कुठल्या गाडीचे, ते त्यापुढच्या पाच अक्षरांत असतं. नुसता ०४४६५ टाकून शोधलं तर साऱ्या जगातल्या टोयोटांचे पॅड समोर येतील. ह्युंदाईत ५८१०१ चं तसंच. मारुतीत १३७८० ने सुरू होणारा नंबर एअर फिल्टरचा आणि १६५१० ऑइल फिल्टरचा, पण गाडी ठरते ती पुढच्या भागावर. काउंटरवरच्या माणसाला व्हॉट्सॲपवर चित्राचा स्क्रीनशॉट पाठवून ‘यातला सात नंबर द्या’ म्हटलं, तर तो दहात नऊ वेळा नीट समजून घेईल. दहाव्या वेळेला त्याच्यासमोर दुसऱ्या व्हेरियंटचं चित्र उघडलेलं असेल.

तक्त्यातल्या तीन गोष्टी सोडू नयेत. एक, तारखांचा रकाना: ‘इथपर्यंत’ आणि ‘इथपासून’. एकाच भागाच्या दोन ओळी असतील तर फरक बहुधा तिथेच सापडतो. दुसरी, संख्या. ‘२’ लिहिलं असेल तर एका गाडीला दोन लागतात, दोनाचा संच मिळतो असा त्याचा अर्थ नाही. तिसरी म्हणजे बदललेला नंबर. कंपनी जुना नंबर बंद करून त्याजागी नवा देते. म्हणून जुन्या पार्टवर छापलेला नंबर आणि काउंटरवाल्याने काढलेला नंबर वेगळे असले, तर लगेच फसवणूक समजू नये. नव्या नंबराने जुना रद्द केल्याची नोंद दाखवायला सांगावी. ती दाखवता आली नाही, तर मात्र थांबावं. चित्रात काही भागांभोवती तुटक रेषेची चौकट असते. तिच्या आतले भाग बहुधा एकत्र, असेंब्ली म्हणूनच मिळतात.

डावं-उजवं हा तर स्वतंत्र सापळा आहे. कंपनीच्या कॅटलॉगमध्ये डावं म्हणजे सीटवर बसून पुढे बघताना डावं, मग आपण बॉनेटसमोर कुठेही उभे असू. आपल्या गॅरेजात मात्र ‘ड्रायव्हर साइड’ आणि ‘क्लीनर साइड’ बोलतात. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे ते बरोबर चालतं. पण अमेरिकन साइटवर ‘ड्रायव्हर साइड’ म्हणजे डावी बाजू. तिथला व्हिडिओ बघून इथे हेडलाइट मागवला की उलटा पार्ट येतो. टोयोटात ४८५१० म्हणजे पुढचा उजवा शॉकॲब्जॉर्बर आणि ४८५२० म्हणजे डावा. फोक्सवॅगन आणि स्कोडात जोडीच्या भागांच्या नंबरातला तिसऱ्या तिकडीचा शेवटचा आकडा डावीकडे विषम आणि उजवीकडे सम असतो. असे नियम माहीत असले की नंबर वाचूनच चूक पकडता येते.

हे सगळं वाचून वाटेल की दुसऱ्या कॅटलॉगची गरजच काय. गरज मोठी आहे. कंपनीचा कॅटलॉग फक्त नंबर देतो, पार्टचं माप देत नाही. पार्ट बनवणाऱ्याच्या चांगल्या कॅटलॉगमध्ये पॅडची लांबी, उंची, जाडी मिळते, क्लच प्लेटचा व्यास आणि दात मिळतात, बेअरिंगचा आतला-बाहेरचा व्यास मिळतो. जुना पार्ट हातात असेल तर व्हर्नियर लावून पडताळता येतं. शिवाय तिथे बारीक अक्षरांत टीपा असतात: ‘एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीसाठी’, ‘अमुक ब्रेक सिस्टीम असेल तर’. एकाच मॉडेलला दोन वेगवेगळ्या पुरवठादारांचे कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारे भाग, लागलेले असू शकतात आणि त्यांचे पॅड एकमेकांत बसत नाहीत. ही टीप न वाचता ‘कार्टमध्ये टाका’ दाबणं ही या पानावरची सगळ्यात महागडी घाई.

चाकाचं बेअरिंग घ्या. एबीएस असलेल्या अनेक गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. चाक किती वेगाने फिरतंय ते सेन्सर तिच्यावरूनच वाचतो. एबीएस नसलेल्या गाडीच्या बेअरिंगचं माप अगदी तेच असू शकतं, पण पट्टी नसते. दोन्ही शेजारी ठेवली तर फरक फक्त सीलच्या रंगात दिसेल, तोही दिसलाच तर. पट्टीच्या बाजूला टाचणी नेली तर ती हलकेच चिकटते. बिनपट्टीचं बसवलं, किंवा पट्टीचंच उलटं दाबलं, तर गाडी चालेल, आवाजही थांबेल, पण एबीएसचा दिवा लागेल आणि बेअरिंग प्रेस मशीनने काढून दाबायचं काम पुन्हा करावं लागेल. आपल्याकडे प्रवासी गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून, आधीच विक्रीत असलेल्या मॉडेलांनाही. त्याआधी वरच्या व्हेरियंटला असायचं आणि खालच्याला अनेकदा नसायचं. म्हणजे त्याआधीच्या गाडीला मॉडेल, वर्ष, इंजिन सगळं बरोबर भरलं तरी व्हेरियंट कळल्याशिवाय बेअरिंग ठरत नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये धुराबद्दलचे बीएस ६ नियम आले, तेव्हा ऑक्सिजन सेन्सर आणि सायलेन्सरच्या बाजूचं असंच झालं.

ऑइल फिल्टरमध्ये तर चूक धोक्याची आहे. होंडा, ह्युंदाईच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांना एम २० × १.५ चे आटे असतात, टोयोटाच्या बऱ्याच इंजिनांना पाऊण इंचाचे, एका इंचात सोळा आटे. एक वीस मिलिमीटर, दुसरा एकोणीसच्या जरासा वर. डब्यावर बघून कळणार नाही. मोठ्या आट्यांचा फिल्टर लहान नळीवर ढिला का होईना फिरतो, आणि ऑइलचा दाब आला की सुटतो. बाहेरून डबा सारखा दिसतो, एवढ्या भरवशावर फिल्टर घेऊ नये.

दोन कॅटलॉगांना जोडणारा पूल म्हणजे पार्ट बनवणाऱ्याच्या पानावरची ‘ओई नंबर’ची, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मूळ नंबरांची यादी. आमचा हा फिल्टर कंपनीच्या अमुक-अमुक नंबरांच्या जागी चालतो, असं तिथे दिलेलं असतं. या पुलावरून एकाच दिशेने जायचं. आधी चासी नंबरावरून कंपनीचा नंबर काढायचा, मग तो नंबर दुसऱ्या कॅटलॉगच्या शोधात टाकायचा. उलटं जाता येत नाही. एका फिल्टरखाली आठ-दहा ओई नंबर असतात, त्यातला पहिला आपल्या गाडीचा असेलच असं नाही. आणि एका ब्रँडच्या नंबरावरून दुसऱ्या ब्रँडचा, त्यावरून तिसऱ्याचा असं उड्या मारत गेलं, की कुठल्या तरी उडीत ‘एबीएस असलेल्या गाडीसाठी’ ही टीप गळून पडते.

एक जागा अशी आहे जिथे मला दुसराच कॅटलॉग जास्त कामाचा वाटतो. पावसाळा संपता संपता घोडबंदर रोडने रोज जाणाऱ्यांच्या गाड्यांचे लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश गेलेले असतात. कंपनीच्या चित्रात बघितलं तर अनेक गाड्यांत बुशला स्वतंत्र नंबरच नसतो. आर्म, बॉल जॉइंट आणि दोन बुश मिळून एकच असेंब्ली. कंपनी म्हणते, अख्खा आर्म बदला. पार्ट बनवणाऱ्यांच्या यादीत मात्र नुसता बुश मिळतो, आतला-बाहेरचा व्यास आणि लांबी दिलेला. आर्म सरळ असेल, गंज नसेल आणि बॉल जॉइंट घट्ट असेल, तर वागळे इस्टेटमधल्या किंवा तुर्भ्याच्या प्रेस असलेल्या गॅरेजात नवा बुश दाबून मिळतो. खड्ड्यात आपटून आर्म वाकला असेल तर तो विचार सोडावा. दोन्ही कॅटलॉग उघडे ठेवले तरच हा निर्णय आपल्या हातात राहतो. एकच बघितला तर एकतर उगाच पूर्ण आर्मचे पैसे जातात, नाहीतर वाकलेल्या आर्मवर नवा बुश बसतो.

शेवटचं, मागवण्याआधीचं. दुकानदाराला किंवा साइटवाल्यांना एकाच मेसेजमध्ये पाठवा: पूर्ण चासी नंबर, उत्पादनाचा महिना-वर्ष, व्हेरियंट, कंपनीच्या कॅटलॉगमधून काढलेला पूर्ण नंबर, आणि बाजू असेल तर ‘सीटवर बसून डावी’ अशी स्पष्ट. जुन्या पार्टचा फोटो जोडा, पण त्यावर ओतीव अक्षरांत उठलेल्या नंबरावर विसंबू नका. तो अनेकदा ओतकाम करणाऱ्याचा किंवा पुरवठादाराचा असतो. आणि इलेक्ट्रिकल माल असेल तर परत घेणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. सेन्सर आणि रिले एकदा पाकिटातून निघाले की बहुतेक काउंटरवर परत घेत नाहीत. म्हणून पाकीट फोडण्याआधी लेबलवरचा नंबर मेसेजमधल्या नंबराशी शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून बघा.