आयसोलेशन रूम आणि ऑपरेशन थिएटर: प्रेशर मॉनिटर एकच, लावण्याची रीत मात्र उलट

नागपुरात धंतोली आणि रामदासपेठ या भागांत रुग्णालयांची दाटी आहे, आणि त्यांतली काही मुळात राहण्यासाठी बांधलेल्या इमारतींत चालतात. अशा इमारतीत एकाच कॉरिडॉरच्या एका टोकाला ऑपरेशन थिएटर आणि दुसऱ्या टोकाला क्षयरोग्यासाठी राखलेली आयसोलेशन रूम असू शकते. दोन्ही दारांशेजारी भिंतीवर सारखीच पेटी, म्हणजे प्रेशर मॉनिटर, असते; तिच्यावर सारखाच आकडा आणि सारखाच हिरवा दिवा दिसतो. त्यामुळे दोन्ही पेट्या सारख्याच लावायच्या असतात, असा समज सहज होतो. तो समज धोक्याचा आहे. थिएटरमध्ये हवा आतून बाहेर जायला हवी आणि आयसोलेशन रूममध्ये ती बाहेरून आत यायला हवी. आपण कोणत्या खोलीच्या दाराशी आहोत हे मॉनिटरला कळत नाही. ते बसवणाऱ्याने त्याला सांगावे लागते.

हा मॉनिटर हवेचा एकूण दाब मोजत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवरच्या नागपुरात वातावरणाचा दाब ९७,००० पास्कलच्या (पास्कल हे दाबाचे एकक) आसपास असतो, आणि तो ऋतूप्रमाणे व दिवसाच्या वेळेप्रमाणे कमीजास्त होत राहतो. मॉनिटरला त्याच्याशी कर्तव्य नसते. त्याला दोन नळ्या असतात: एक खोलीत उघडते, दुसरी कॉरिडॉरमध्ये, आणि या दोन जागांमधला फरक तेवढा तो दाखवतो. रुग्णालयांसाठी प्रचलित असलेली किमान मर्यादा २.५ पास्कल आहे, म्हणजे एकूण दाबाचा जेमतेम चाळीस हजारावा भाग. पाण्याच्या स्तंभात सांगायचे तर पाव मिलिमीटर. इतक्या सूक्ष्म फरकावर सगळी भिस्त असल्याने बसवतानाची छोटी चूकही आकडा निरर्थक करून टाकते.

निगेटिव्ह प्रेशरच्या खोलीत रुग्णापासून इतरांचे संरक्षण करायचे असते. क्षय, गोवर, कांजिण्या यांचे जंतू हवेत तरंगत राहतात. म्हणून खोलीतून हवा जास्त ओढायची, आत कमी सोडायची आणि दाराच्या फटीतून कॉरिडॉरची हवा आत येत राहील अशी व्यवस्था करायची. पॉझिटिव्ह प्रेशरच्या खोलीत उलट इतरांपासून रुग्णाचे संरक्षण करायचे असते. ऑपरेशन थिएटर आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णाची खोली ही त्याची उदाहरणे. तिथे गाळलेली हवा जास्त सोडायची, म्हणजे कॉरिडॉरची धूळ आणि बुरशीचे कण फटीतून आत शिरणार नाहीत.

कोविडच्या काळात निगेटिव्ह प्रेशर हा शब्द घरोघरी पोहोचला आणि निगेटिव्ह म्हणजे अधिक सुरक्षित, अशी समजूत रुजली. क्षयरोग्याची शस्त्रक्रिया करायची म्हणून थिएटरच निगेटिव्ह करून द्या, अशी मागणीही त्यातूनच येते. ती मान्य करू नये. उघड्या जखमेवर कॉरिडॉरची हवा ओढून घेणे कोणत्याही रुग्णाच्या हिताचे नाही. असा रुग्ण दिवसाच्या शेवटी घ्यावा, दारे बंद ठेवावीत, आणि नंतर थिएटरची हवा पुरेशी बदलेपर्यंत थांबावे. थिएटर पॉझिटिव्हच राहते.

दाबाचा हा फरक तयार होतो तो आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेच्या तफावतीतून, आणि तो टिकतो फटींच्या आकारावर. दाराखाली एक मीटर लांब आणि एक सेंटीमीटर उंच फट आहे आणि बाकी खोली पूर्ण बंद आहे असे धरू. २.५ पास्कलचा फरक असताना त्या फटीतून ताशी सुमारे ४७ घनमीटर हवा वाहते. म्हणजे एक्झॉस्ट पंख्याने पुरवठ्यापेक्षा ताशी ४७ घनमीटर हवा जास्त ओढली की मॉनिटरवर उणे २.५ दिसेल. फट रबरी पट्टी लावून निम्मी केली आणि पंखा तसाच ठेवला, तर फरक चौपट होऊन उणे १० होईल. आकडा कमी पडतो म्हणून मोठा पंखा आणण्याआधी दाराच्या चौकटी, फॉल्स सीलिंग आणि पाइपांभोवतीची भोके बुजवावीत असे मी म्हणतो, ते या हिशेबामुळे. फॉल्स सीलिंगच्या वर शेजारच्या खोलीची भिंत स्लॅबपर्यंत गेलेलीच नाही, हे जुन्या इमारतींत हमखास आढळते, आणि तिथून हवा बेधडक इकडून तिकडे जाते.

याच हिशेबातून आणखी एक गैरसमज उघड होतो. चार मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीत ४२ घनमीटर हवा मावते. पुरवठा अजिबात नसेल आणि पंखा ताशी ४७ घनमीटरच ओढत असेल, तर मॉनिटर हिरवा दिसेल, पण खोलीतली हवा तासाभरात जेमतेम एकदा बदलेल. नव्या आयसोलेशन रूममध्ये ती ताशी १२ वेळा बदलणे अपेक्षित आहे, म्हणजे सुमारे ५०० घनमीटर. ताशी १२ बदल असतील तर हवेतले ९९ टक्के कण निघून जायला सुमारे २३ मिनिटे लागतात, ६ बदल असतील तर ४६. मॉनिटर फक्त हवेची दिशा सांगतो. हवा किती वेळा बदलते हे त्याला विचारू नये. ते जाळीवर वाऱ्याचा वेग मोजूनच ठरवावे लागते.

मॉनिटर विकत घेताना सर्वांत आधी त्याची रेंज पाहावी. ±२५० पास्कल रेंजचा आणि पूर्ण रेंजच्या एक टक्का अचूकतेचा मॉनिटर २.५ पास्कलची चूक करू शकतो, म्हणजे जेवढे मोजायचे तेवढीच चूक. ±२५ पास्कल रेंजचा असेल तर तीच चूक पाव पास्कलवर येते. औषधनिर्मितीच्या क्लीनरूममध्ये स्वच्छतेच्या दोन श्रेणींमधला फरक १० ते १५ पास्कल ठेवतात. तिथे थोडी मोठी रेंज चालते, रुग्णालयात ती नको. एककही तपासून घ्यावे. पाण्याच्या मिलिमीटरवर लावलेल्या मॉनिटरमध्ये कोणी अलार्मचा आकडा २.५ भरला, तर तो जवळजवळ २४.५ पास्कल होतो आणि अलार्म दिवसभर वाजत राहतो. मग कंटाळून कोणीतरी तो कायमचा बंद करते.

खोलीतले नळीचे तोंड एसीच्या झोतासमोर, दाराच्या अगदी शेजारी किंवा फॉल्स सीलिंगच्या वर नसावे. कॉरिडॉरचे तोंडही जिन्याजवळ किंवा लिफ्टसमोर ठेवू नये. नळी कुठेही मुडपलेली नसावी. पेटी भिंतीवर पक्की बसल्यावरच झिरो करावे, कारण काही सेन्सरांतला पातळ पडदा पेटीच्या कलण्यानेही आकडा बदलतो. झिरो करताना दोन्ही नळ्या काढून दोन्ही निपल (पेटीवरची नळी जोडायची टोके) एका छोट्या नळीने जोडावेत. दोन्ही बाजूंना एकच हवा असताना आकडा ०.० आलाच पाहिजे. दिवाळीआधी रंगकाम झाले असेल तर ही तोंडे आवर्जून पाहावीत. रंगाने बुजलेल्या तोंडामुळे आकडा एका जागी गोठतो आणि पाहणाऱ्याला वाटते की खोली किती स्थिर आहे. थिएटरमध्ये फॉगिंग (जंतुनाशकाची फवारणी) करताना आतल्या तोंडावर टोपी लावावी, म्हणजे ओल सेन्सरपर्यंत जाणार नाही. काम झाल्यावर टोपी काढायची आठवण मात्र दारावरच लिहून ठेवावी.

खरी परीक्षा चिन्हाची. सर्वसाधारण रीत अशी की अधिक खुणेच्या निपलला खोलीची नळी आणि उणे खुणेच्या निपलला कॉरिडॉरची. नळ्या अदलाबदल झाल्या तर आयसोलेशन रूम प्रत्यक्षात पॉझिटिव्ह असतानाही मॉनिटर उणे आकडा आणि हिरवा दिवा दाखवतो. म्हणून पेटीवर विश्वास ठेवण्यापूर्वी टिश्यू पेपरची पातळ पट्टी बंद दाराच्या खालच्या फटीशी, कॉरिडॉरच्या बाजूने धरावी. आयसोलेशन रूममध्ये ती आत ओढली जाते, थिएटरच्या दाराशी ती बाहेर ढकलली जाते. रुग्ण आत असेल तोवर आयसोलेशन रूमच्या दाराशी ही चाचणी रोज करावी, मॉनिटर लावलेला असला तरीही. काही जण अगरबत्तीचा धूर वापरतात. जिथे ऑक्सिजन चालू आहे तिथे पेटती अगरबत्ती नेऊच नये, आणि थिएटरमध्ये तर कधीच नाही. कागदाच्या पट्टीने काम भागते.

अलार्मचे आकडे भरताना सर्वांत जास्त गोंधळ होतो. थिएटरमध्ये आकडा +२.५च्या खाली गेला की धोका, म्हणून तिथे लो अलार्म +२.५वर ठेवायचा. आयसोलेशन रूममध्ये उणे २.५वरून उणे १, मग शून्य, मग अधिक, अशी घसरण धोक्याची. पण गणिताच्या दृष्टीने उणे १ हा आकडा उणे २.५पेक्षा मोठा आहे. म्हणून इथे हाय अलार्म उणे २.५वर ठेवावा लागतो. थिएटरची सेटिंग तशीच उतरवून, फक्त चिन्ह बदलून, लो अलार्म उणे २.५वर ठेवला, तर खोली उत्तम चालत असताना अलार्म वाजेल आणि बिघडल्यावर तो गप्प बसेल. नेहमीचा आकडा उणे ६ ते उणे ८ राहील असे खोलीचे संतुलन साधावे, म्हणजे मर्यादेपर्यंत थोडी सवड उरते. दार उघडताच दोन्हीकडे फरक शून्याजवळ येतो, त्यामुळे अलार्मला ३० ते ६० सेकंदांचा विलंब द्यावा. त्याहून जास्त दिला तर दार उघडे राहिल्याचे सिस्टरांना कळतच नाही.

वीज गेल्यावर काय व्हावे हेही दोन्ही ठिकाणी उलट आहे. आयसोलेशन रूममध्ये एक्झॉस्ट थांबला तर पुरवठाही आपोआप थांबला पाहिजे, नाहीतर खोली पॉझिटिव्ह होऊन रुग्णाची हवा कॉरिडॉरमध्ये जाईल. थिएटरमध्ये पुरवठा थांबला तर एक्झॉस्ट थांबला पाहिजे. एक्झॉस्टची मोटर साध्या डीओएल स्टार्टरवर (मोटर बटणाने थेट विजेवर सुरू करणारी पेटी) असेल, तर वीज गेल्यावर स्टार्टर सुटतो आणि परत आल्यावर कोणीतरी हिरवे बटण दाबेपर्यंत मोटर सुरू होत नाही. पुरवठ्याचा छोटा पंखा साध्या स्विचवर असतो, तो मात्र लगेच फिरू लागतो. वीज आली, दिवे लागले, सगळे सुरळीत दिसते, आणि खोली उलटी चालू असते. जनरेटरवर गेल्यानंतर आणि पुन्हा मूळ विजेवर आल्यानंतर, अशा दोन्ही वेळी मॉनिटर पाहण्याचा नियम इलेक्ट्रिशियनलाही आणि सिस्टरांनाही सांगून ठेवावा.

आता नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल, कारण परदेशी पुस्तिकांमध्ये हा भाग सापडत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि नवतप्यात कूलरशिवाय बसवत नाही. खिडकीतला कूलर बाहेरची हवा मोठ्या प्रमाणात आत ढकलतो आणि ती निघून जायला दार किंवा दुसरी खिडकी उघडी लागते. म्हणजे कूलर लावलेली प्रत्येक खोली पॉझिटिव्ह असते. आयसोलेशन रूममध्ये रुग्णाच्या सोयीसाठी कोणी कूलर लावला, तर एक्झॉस्टचे सगळे काम त्याच क्षणी पुसले जाते आणि रुग्णाचा श्वास थेट कॉरिडॉरमध्ये येतो. तिथे गारव्यासाठी खोलीतलीच हवा फिरवणारा स्प्लिट एसी चालतो, कारण तो दाबात ढवळाढवळ करत नाही.

कॉरिडॉरमधल्या डक्ट कूलरचा परिणाम अधिक फसवा असतो. तो सुरू झाला की कॉरिडॉरचाच दाब वाढतो, आणि कॉरिडॉर हा तर दोन्ही मॉनिटरांचा मोजण्याचा आधार आहे. समजा तो ४ पास्कलने वाढला. आयसोलेशन रूमचा आकडा उणे ६वरून उणे १०वर जातो आणि वाटते की यंत्रणा सुधारली. त्याच वेळी थिएटरचा आकडा +६वरून +२वर येतो आणि अलार्म वाजतो, जरी थिएटरच्या यंत्रणेत काहीही बिघडलेले नसते. एसी मेकॅनिक मग थिएटरचे फिल्टर उघडून बसतो. जूनमध्ये पाऊस पडला, कूलर बंद झाले, कॉरिडॉरच्या खिडक्या उघडल्या, की सगळे उलट होते: थिएटर आपोआप बरे होते आणि एप्रिलमध्ये कूलर चालू असताना संतुलन केलेली आयसोलेशन रूम उणे २.५ची मर्यादा गाठेनाशी होते. माझ्या मते इथल्या रुग्णालयांनी वार्षिक तपासणी एकदाच करून भागणार नाही. कूलर सुरू झाल्यावर एकदा आणि बंद झाल्यावर एकदा, अशी ती दोनदा करावी, आणि संतुलन आयसोलेशन रूमसाठी कूलर बंद असताना, थिएटरसाठी चालू असताना साधावे. रजिस्टरमध्ये आकड्याशेजारी कॉरिडॉरचा कूलर चालू की बंद, एवढी एक नोंद असली तरी निम्मा गोंधळ टळतो.

एकच खोली बटण दाबून कधी पॉझिटिव्ह, कधी निगेटिव्ह करता येईल अशी योजना जागेच्या टंचाईमुळे आकर्षक वाटते. ती टाळावी. झडपा अर्धवट अडकतात, अलार्मची बाजू बदलायची राहून जाते आणि आज खोली कोणत्या अवस्थेत आहे हे रात्रपाळीला ठाऊक नसते.

प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णालाच क्षय झाला असेल तर मात्र दोन्ही गरजा खरोखर एकत्र येतात. त्यासाठी खोली आणि कॉरिडॉर यांच्यामध्ये छोटी अँटीरूम लागते. तिचा दाब दोन्ही बाजूंपेक्षा जास्त तरी ठेवतात किंवा दोन्ही बाजूंपेक्षा कमी तरी, म्हणजे खोलीची हवा कॉरिडॉरला आणि कॉरिडॉरची हवा खोलीला मिळत नाही. अशा जागी मॉनिटर दोन लागतात, एक अँटीरूम व खोली यांच्यामध्ये आणि दुसरा अँटीरूम व कॉरिडॉर यांच्यामध्ये. आणि दोन्हींची कॉरिडॉरकडची नळी सवयीने एकाच जागी न नेता पहिल्याची संदर्भ-नळी अँटीरूममध्येच उघडावी लागते.