भाडेकरू वेगळा, लायसन्सी वेगळा. अकरा महिन्यांचा त्यात काही संबंध नाही

मुलुंडला माझ्या मावशीचा वन बीएचके आठ वर्षं कुलुपात होता. महिन्यातून एकदा ती लोकलने जायची, सगळे नळ सोडून गढूळ पाणी वाहून जाऊ द्यायची, खिडक्या उघडायची, मेंटेनन्सचा चेक सोसायटीच्या पेटीत टाकायची आणि कुलूप दोनदा ओढून बघून परत यायची. भाड्याने का देत नाहीस म्हटलं की उत्तर ठरलेलं: "दिलं की गेलं." तिचाच जावई ठाण्यातला फ्लॅट नोटरी केलेल्या कागदावर देऊन निवांत झोपतो. "अकरा महिन्यांचंच आहे, काही होत नाही." दोघांचा घोळ एकच आहे. मावशी लायसन्सीला, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स करारावर मालकाच्या परवानगीने राहणाऱ्याला, भाडेकरू समजून घाबरते आणि जावयाला वाटतं, कागदावर अकरा लिहिलं की समोरचा आपोआप लायसन्सी झाला.

भाडेकरू कोण हे मुंबईकराला शिकवायला नको. गिरगाव, लालबाग, दादर, कुठल्या तरी चाळीत आपलं कुणीतरी राहिलेलं असतंच. भाडं नावापुरतं, आजोबा गेले की खोली बाबांच्या नावावर, आणि मालक फक्त छप्पर गळतं म्हणून बोलणी खायला. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली. आजचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० ला. त्यातही भाडेकरू भाडं भरत असेल तर कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय त्याला काढता येत नाही आणि वाढ वर्षाला ४ टक्के. एवढं पुरे.

आता खरा मुद्दा. भाडेकरारात जागेतला हक्क समोरच्याकडे जातो. मालकी तुमची, पण ती जागा वापरायचा हक्क त्याचा, आणि तो तुमच्याविरुद्धही चालतो. लायसन्समध्ये हक्क जातच नाही, फक्त परवानगी मिळते. ती नसती तर त्याचं तिथे राहणं ही घुसखोरी झाली असती, इतकाच तिचा अर्थ. दोन्ही व्याख्या १८८२ सालच्या, पण दोन वेगळ्या कायद्यांतल्या: भाडेपट्टा मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात, लायसन्स सुखाधिकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून वाट, पाणी असा वापर करायच्या हक्काच्या. हस्तांतरण हा शब्दच सांगतो की पहिल्यात काहीतरी हातातून जातं.

यात मुदत कुठे आली? कुठेच नाही. अकरा महिन्यांची भाडेदारी ही भाडेदारीच, आणि छत्तीस महिन्यांचं लायसन्स हे लायसन्सच. अकराचा आकडा आला १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून लोकांनी बारातला एक महिना कापला आणि नोंदणीचा खर्च वाचवला. महाराष्ट्रात ती पळवाट २००० सालीच बुजली. इथे भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, मुदत कितीही असो, करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. तरी आजही दलाल छातीठोकपणे सांगतो, "अकरा महिन्यांचं आहे, रजिस्टर नको." हे वाक्य ऐकलं की मी दलाल बदलतो.

नोंदणी चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाच हजार वाचून जावई हसला. खरी मेख दंडाच्या आधीच्या पोटकलमात आहे. नोंदवलेला लेखी करार नसेल तर जागा कुठल्या अटींवर दिली याबद्दल राहणारा जे म्हणेल ते खरं धरायचं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. माझ्या एका सहकाऱ्याने हे भोगलंय. नोटरीचा कागद होता, महिन्याच्या रकमेतले निम्मे पैसे रोखीत ठरलेले. बिनसल्यावर राहणारा म्हणाला, भाडं बँकेत येतं तेवढंच, आणि मी लायसन्सी नाही, भाडेकरू आहे. आता सिद्ध करत बसा. जावई हसायचा थांबला.

उलट नोंदवलेलं लायसन्स किती भक्कम असतं तेही बघा. एरवी कोर्ट कागदाच्या नावाला भुलत नाही. दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलातल्या केशकर्तनाच्या खोल्यांचा खटला यासाठी अजून वाचला जातो: कागदावर लायसन्स लिहिलेलं असूनही १९५९ साली सुप्रीम कोर्टाने बहुमताने तो भाडेपट्टाच ठरवला. पण राहत्या घरासाठी आपल्या १९९९ च्या कायद्याचं कलम २४ मालकाच्या बाजूने एक गोष्ट करतं. लेखी लायसन्स करारात जे म्हटलंय तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा. मुदत संपली की जागा सोडायची. न सोडल्यास सोडेपर्यंत लायसन्स फीच्या दुपटीने भरपाई. प्रकरण साध्या दिवाणी कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्यापुढे, म्हणजे याच कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे, जातं, आणि समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन परवानगी घेतल्याशिवाय समोरच्याला बाजूही मांडता येत नाही. म्हणून उद्या घर हातात येतं असं नाही, तारखा पडतातच. आणि कुलूप तोडून सामान जिन्यात काढायचा अधिकार तुम्हाला लायसन्सनेही मिळत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

मावशीची भीती मात्र अगदीच हवेतली नाही. १९७३ साली कायदा बदलला आणि त्या वर्षी १ फेब्रुवारीला जो चालू लायसन्सवर खोलीत राहत होता तो भाडेकरू मानला गेला. तिच्या सासऱ्यांच्या घरातली बाहेरची खोली अशीच गेली. त्यांनी परवानगी दिली होती आणि कायद्याने त्या परवानगीचा हक्क केला. पण ती तारीख एकदाच आली होती. तिच्यापायी मुलुंडचा फ्लॅट आठ वर्षं बंद ठेवायचा? मुंबईत भाड्याचा परतावा आधीच वर्षाला घराच्या किमतीच्या दोन-तीन, फार तर चार टक्के.

खर्चाचा बाऊही करू नका. भाडं ४०,०००, डिपॉझिट २ लाख, मुदत २४ महिने धरा. भाड्याचे ९,६०,००० आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी मानलेलं व्याज ४०,०००, एकूण १० लाख. त्यावर पाव टक्का, म्हणजे २,५०० रुपये मुद्रांक शुल्क. शहरात नोंदणी फी १,०००. दोन वर्षांचा मिळून हा एवढाच खर्च. मी २४ किंवा ३६ महिन्यांचाच करार करतो, वर्षाची वाढ आत लिहून. दर अकरा महिन्यांनी नवा करार हा ज्याला दर वेळी दलाली मिळते त्याच्या सोयीचा.

बाकीचे फरक किरकोळ. भाडं म्हणा की लायसन्स फी, आयकरवाल्याला दोन्ही घरभाड्याचंच उत्पन्न. पोलिसांना कळवायचं ते दोन्हींत. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याची आकारणी, घेते ती सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, जास्त मागितली तर भांडा.

आणि एक, पैसे गुंतवणाऱ्यांसाठी. "दादरला पागडीची खोली निम्म्या किमतीत मिळतेय, घेऊन भाड्याने लावू." अहो, पागडीत तुम्ही घर घेत नाही, भाडेकरूपण घेता. मालकाच्या परवानगीशिवाय ती खोली दुसऱ्याला लायसन्सवर देणं हे तुम्हालाच बाहेर काढायचं कारण होतं. स्वतः राहायला जरूर घ्या. उत्पन्नासाठी मी तिला हात लावणार नाही.

मावशीने शेवटी गेल्या दिवाळीनंतर फ्लॅट दिला. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला. तिने चष्मा लावून, ओळींवर बोट फिरवत सगळी पानं वाचली. सहाव्या पानावर, जुन्या मसुद्यातून राहून गेलेला, एक "भाडेकरू" सापडला. एजंट म्हणाला, काकू, त्याने काही फरक पडत नाही. मावशीने त्याला लॅपटॉप परत उघडायला लावला आणि शब्द बदलेपर्यंत अंगठा पदराखालून काढला नाही.