भोगवट्याआधीची आग : बांधकामाच्या जागेवरील अग्निसुरक्षेची पार्श्वभूमी

घोडबंदर रस्त्यावर किंवा खारघर-उलव्याच्या पट्ट्यात एखादा टॉवर पायलिंगपासून (पायाच्या खांबांपासून) ओसीपर्यंत, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत, पोहोचायला चार-पाच वर्षे सहज जातात. तेवढा काळ तिथे शेकडो माणसे काम करतात आणि त्यांतली बरीचशी कुंपणाच्या आतच पत्र्याच्या खोल्यांत राहतात. तरीही आपल्याकडचा अग्निसुरक्षेचा विचार मुख्यतः इमारत पूर्ण झाल्यानंतरचा आहे.

नवी मुंबई उभारणारी सिडको 1970 मध्ये स्थापन झाली आणि राष्ट्रीय बांधकाम संहितेची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी निघाली. सुरुवातीच्या वसाहती बव्हंशी लिफ्ट नसलेल्या, चार-पाच मजल्यांच्या होत्या. काम चालू असताना काही पेटलेच, तर माणसे जिन्याने खाली येत. संहिता पुढे 1983, 2005 आणि 2016 मध्ये सुधारली गेली. तोवर ठाण्यात चाळीस मजले ही नवलाची गोष्ट उरली नव्हती.

कामगारांच्या बाजूने पहिली ठोस तरतूद 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याखालच्या 1998 च्या केंद्रीय नियमांत आली. संभाव्य आग विझवता येईल एवढी साधने, पुरेशा दाबाचे पाणी आणि ती साधने चालवणारी प्रशिक्षित माणसे, एवढे मालकावर बंधनकारक झाले. आपत्कालीन आराखडा मात्र पाचशेहून अधिक कामगार असलेल्या साइटलाच सक्तीचा. म्हणजे ठाण्याच्या नौपाड्यातला पुनर्विकास, जिथे साठ-सत्तर माणसे दाटीच्या गल्लीत काम करतात, या अटीतून सुटला. ही मर्यादा मला कधीच पटलेली नाही. आगीला मजूर किती याच्याशी देणेघेणे नसते. बाहेर पडायला वाट किती, हे महत्त्वाचे.

इमारतीच्या बाजूने राज्याचा 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आला आणि डिसेंबर 2008 पासून लागू झाला. अग्निशमन दलाची ना हरकत दोनदा घ्यायची ही पद्धत वाचकांना ठाऊक आहे : आधी नकाशावर तात्पुरती, शेवटी ओसीपूर्वी अंतिम. दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा ‘ब’ नमुना बसवलेल्या यंत्रणेच्या देखभालीचा असतो. यंत्रणाच बसलेली नसेल, तर प्रमाणित करायचे काय? दोन ना हरकतींच्या मधली वर्षे अशी कागदावर रिकामी राहतात.

त्या वर्षांसाठी राष्ट्रीय बांधकाम संहितेने काहीच सांगितले नाही, असे नाही. बांधकामाधीन उंच इमारतींसाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत. किमान 100 मिलिमीटर व्यासाचा ड्राय रायझर (एरवी कोरडा असलेला, आगीच्या पाण्याचा उभा नळ), बांधून झालेल्या मजल्यांवर त्याची तोंडे आणि खाली बंबाला जोडायचा इनलेट. प्रत्येक मजल्यावर 2,000 लिटर पाणी आणि दोन बादल्या. आणि किमान 20,000 लिटरची टाकी, जी बांधकामाच्या इतर कामांसाठीही वापरता येईल.

वाद आहे तो या शेवटच्या सवलतीचा. तिच्या बाजूचे म्हणणे पोकळ नाही. ठाण्यात उन्हाळ्यात साइटचे पाणी टँकरवर चालते. नुसत्या राखीव टाकीत पाणी साचून राहते, पंप महिनोन्महिने फिरत नाही आणि गरजेच्या वेळी नेमका अडकतो. रोज वापरातल्या टाकीचा पंप निदान चालू असल्याचे रोज कळते. पण स्लॅबच्या क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओले ठेवायला, पाणी किती लागते हे ज्याने पाहिले आहे, त्याला संध्याकाळी त्या टाकीत काय उरते हेही माहीत असते. वापर करू देताना तळाशी किती पाणी राखून ठेवायचे, हे त्या वाक्यात आलेले नाही. उपाय साधा आहे : कामाची लाइन टाकीच्या वरच्या भागातून काढायची आणि आगीची तळातून. पाणी एका पातळीखाली गेले की क्युरिंग आपोआप थांबते, आगीचा साठा शिल्लक राहतो. चांगले कंत्राटदार हे करतातही. बाकीच्यांना ते करायला कोणी लावत नाही.

साठ्याचा हिशोबही पाहू. मिनिटाला 900 लिटरचा पंप भरलेली टाकी साधारण 22 मिनिटांत संपवतो. शिवाय दर दहा मीटर उंचीला जवळपास एक किलोचा दाब नुसता पाणी वर चढवण्यात खर्च होतो. ड्राय रायझर तर बंब येईपर्यंत कोरडाच, आणि त्याच्या इनलेटसमोर बहुतेकदा सळयांचा ढीग. सप्टेंबर 2023 मध्ये ठाण्यात बाळकुमला बांधकामाची लिफ्ट कोसळून सात कामगार गेले. ती आग नव्हती, पण एवढ्या उंचीवरून खाली येण्याच्या वाटा किती मोजक्या आणि कच्च्या असतात हे तेव्हा दिसले.

आणि या यादीत पाणी आहे, पण आग लागल्याचे कळवणारे काहीच नाही. मला हीच सर्वांत मोठी उणीव वाटते. गॅस कटिंगची ठिणगी शाफ्टमधून चार मजले खाली जाते, थर्माकोलच्या तुकड्यांत किंवा सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत धुमसत राहते आणि सगळे जेवायला गेल्यावर पेट घेते. म्हणूनच वेल्डिंग संपल्यानंतरही माणूस तिथे थांबवायचा असतो. अमेरिकी मानकाने 2019 मध्ये ही पाळत अर्ध्या तासावरून एक तासावर नेली. आपल्याकडे हॉट वर्क परमिट (वेल्डिंग-कटिंगसारख्या ठिणग्यांच्या कामाचा परवाना) मोठ्या साइटवर भरला जातो, पण सही झाली की मुकादम त्या माणसाला दुसऱ्या मजल्यावर पाठवतो. धूर ओळखणारे डिटेक्टर धुळीने खोटे वाजतात ही खरी अडचण आहे. त्यावर उष्णता ओळखणारे डिटेक्टर, हाताने दाबायची बटणे आणि बिनतारी भोंगे आहेत, जे मजला चढेल तसे वर नेता येतात.

लंडनमध्ये 1990 साली ब्रॉडगेटच्या बांधकामाधीन इमारतीत कंत्राटदाराच्या केबिनमधून आग पसरली, तेव्हा इमारतीची कायमची यंत्रणा चालू झालेली नव्हती. जीवितहानी झाली नाही, नुकसान प्रचंड झाले आणि 1992 मध्ये तिथे साइटसाठी स्वतंत्र संहिता आली. शांघायमध्ये 2010 साली दुरुस्ती चालू असलेल्या इमारतीत वेल्डिंगमुळे लागलेल्या आगीत 58 जण गेले. नोव्हेंबर 2025 मध्ये हाँगकाँगला परांची आणि जाळीने वेढलेले टॉवर पेटून दीडशेहून अधिक माणसे मेली. तिथले भोंगे नीट वाजलेच नाहीत. वाशी-नेरुळच्या जुन्या सोसायट्यांत स्ट्रक्चरल दुरुस्तीसाठी अशीच परांची आणि हिरवी जाळी महिनोन्महिने लागलेली असते, आत कुटुंबे राहत असतात. जाळी आग धरणारी आहे का, हे निविदेत विचारणारी सोसायटी विरळाच.

हाँगकाँगच्या त्या आगीच्या अवघे काही दिवस आधी, 21 नोव्हेंबर 2025 रोजी, देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि 1996 चा कायदा त्यांत सामावला गेला. कामगारांची सुरक्षा एका खात्याकडे आणि इमारतीची दुसऱ्याकडे, ही जुनी फाळणी मात्र तशीच आहे. भाग ओसीने, म्हणजे इमारतीच्या तयार भागापुरत्या भोगवटा प्रमाणपत्राने, ती आणखी गुंतागुंतीची केली. खालच्या मजल्यांवर लोक राहायला येतात, वर टाइल कटिंग चालू असते, आणि धुळीने भोंगा वाजतो म्हणून डिटेक्टरवर प्लास्टिकची टोपणे राहतात किंवा भोंग्याच्या पॅनेलवरचा अख्खा झोन (इमारतीचा तेवढा भाग) बंद करून ठेवला जातो. भाग ओसी देण्यापूर्वी राहत्या मजल्यांचा झोन वेगळा करून, टोपणे काढून, धूर सोडून तपासला गेला पाहिजे. वरचे काम संपेपर्यंत दर महिन्याला तीच चाचणी पुन्हा व्हावी, आणि तिची नोंद सोसायटीच्या हाती असावी.