हिरवा दगड लागला म्हणजे खाली तांबं-सोनं?

"विहिरीत हिरवा दगड लागला की खाली तांबं, आणि त्याच्या खाली सोनं," हे मोहोळ-अक्कलकोटकडं वर्षानुवर्षं फिरतंय. विहिरीकाठच्या ढिगातला तो दगड हातात घेतला की कुणालाही भुरळ पडेल. रंग खरंच कळकलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा.

पण सोलापूरखाली आहे तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण. लाव्हा थिजताना त्यात बुडबुडे अडकले. पुढं त्या पोकळ्यांत पाझरत्या पाण्यातून पांढऱ्या गारगोट्या आणि सेलाडोनाइट नावाचं हिरवट खनिज साचलं. अशा ठिपकेदार खडकाला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. सेलाडोनाइटचा हिरवा रंग लोखंडाचा, तांब्याचा नव्हे.

रायचूरकडच्या हट्टीत किंवा कोलारला सोनं निघालं ते 250 कोटी वर्षांहून जुन्या, अगदी वेगळ्या खडकांत.

तपासायचंय? दगडाची हिरवी पूड लिंबाच्या रसात रात्रभर ठेवा. मग घासून लख्ख केलेला लोखंडी खिळा त्यात बुडवा. तांबं असेल तर खिळ्यावर तांब्याचा लालसर थर चढतो. (रस नंतर सरबताला वापरू नका!) पिवळा कण दिसला तर हातोडीनं हलकेच ठोका: सोनं चपटं होतं, सोन्यासारख्या दिसणाऱ्या पायराइट या खनिजाचा भुगा होतो.