पाण्याआधी ताण नको

शिडाची बोट उचलणारी लिफ्ट म्हणजे चाकांवर चालणारा एक भलामोठा सांगाडा. चार पाय, दोन्ही बाजूंना वर दणकट तुळया आणि त्यांच्यावरून खाली सोडलेले दोन रुंद पट्टे. पट्टे बोटीच्या पोटाखालून घेतात, बोट उचलतात, मग लिफ्ट संथपणे धक्क्याच्या दोन अरुंद बाहूंवर जाते आणि मधल्या पाण्यात बोट सोडते. डोलकाठी उभी असलेली बोट आत घेता यावी म्हणून सांगाड्याची एक बाजू वरून मोकळी ठेवलेली असते. दुसऱ्या बाजूला मात्र तुळया जोडणारी आडवी तुळई लागतेच. डोलकाठीच्या शेंड्यावरून बोटीच्या टोकाकडे तिरकी उतरणारी तार नेमकी तिथे अडते. मग ती तार सोडावी लागते.

ऐकायला किरकोळ वाटणारं हे काम मला बोट पाण्यात सोडायच्या सगळ्या तयारीत सर्वांत विचार करण्याजोगं वाटतं, कारण डोलकाठी बोटीवर नुसती रोवलेली नसते. तिला तारांनी ओढून धरलेलं असतं. पुढची तार म्हणजे फोरस्टे, मागची बॅकस्टे आणि दोन्ही बाजूंच्या श्राउड. या साऱ्या तारा काठीला सावरतात आणि त्याच वेळी तिला खाली दाबतातही. उंच, सडपातळ खांबावर वरून भार आला की तो चिरडण्याच्या आधी वाकून निकामी होतो. याचं गणित लिओनार्ड ऑयलरने १७४४ मध्ये मांडलं. त्यात एक मोठी कामाची गोष्ट आहे: खांबाची आधाराविना मोकळी लांबी निम्मी केली, तर तो चौपट भार पेलतो. डोलकाठीच्या मध्यावर श्राउडना काठीपासून दूर धरणारे आडवे दांडे, म्हणजे स्प्रेडर, आणि त्यांच्याखाली आखूड श्राउड असतात ते याचसाठी. एका लांब काठीचे ते दोन-तीन आखूड खांब करून टाकतात.

आता कोनाकडे बघा. बाजूची श्राउड आणि काठी यांच्यातला कोन अगदी लहान असतो, साधारण १० ते १२ अंश. साडेअकरा अंश धरला, तर वाऱ्याने काठीला १०० किलोच्या जोराने बाजूला ढकललं की तिला थोपवायला त्या तारेत सुमारे ५०० किलोचा ताण यावा लागतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा काठीला खालीच दाबतो. जवळजवळ उभ्या तारेने आडवा जोर थोपवायचा तर हे असंच होणार.

म्हणून बॅकस्टे सोडताना क्रम महत्त्वाचा. शीड आधीच उतरवून ठेवलेलं बरं. गुंडाळलेलं पुढचं शीडही वारा धरतं. मग मोठ्या शिडाचं हॅलयार्ड, म्हणजे शीड चढवायचा दोर, मागच्या कोपऱ्यातल्या भक्कम जागी बांधून ताणायचा. त्याने भार घेतला की बॅकस्टे ढिली करायची आणि शेवटी तिची पिन काढायची. फोरस्टे सोडायची असेल, तर शेंड्यावरचे दोन मोकळे दोर पुढे बांधतात. स्प्रेडर मागे झुकलेले असतील, तर बॅकस्टे सोडली तरी काठी श्राउडच्या आधारावरच मागून सावरलेली राहते आणि मन जरा निर्धास्त असतं. स्प्रेडर सरळ आडवे असतील, तर शेंडा दोरांच्या भरवशावर असतो. त्यातून पुढे शीड गुंडाळायचं यंत्र बसवलेलं असेल, तर त्याच्या वजनाने शेंडा पुढे ओढला जातो.

हातात पिन आलीच आहे, तर ती नीट बघावी. पिनेच्या भोकात घातलेली छोटीशी दुपाती स्प्लिट पिन एवढी मोठी काठी उभी ठेवते, हे मला दरवेळी नवलाचं वाटतं. तिची टोकं थोडीशीच फाकवायची; पार उलटी वाकवली तर गरजेला लवकर निघत नाही आणि पुन्हा वापरण्याजोगीही राहत नाही. टोकांवर चिकटपट्टी गुंडाळली की शीड फाटत नाही. तारेच्या टोकाशी असलेल्या टर्नबकलचे, म्हणजे फिरवून तार आवळायच्या स्क्रूचे, आटेही याच वेळी पुसून ग्रीस लावून घ्यावेत. स्टेनलेस स्टीलचे कोरडे आटे दाबाखाली फिरवले तर एकमेकांत अक्षरशः चिकटून बसतात आणि मग करवतच लागते.

तार स्वतः बहुधा १९ सळ्यांची असते: मधे एक, तिच्याभोवती ६, बाहेर १२. तिच्यावरून कापसाचा बोळा हलकेच फिरवायचा. एखादी सळी तुटलेली असेल, तर कापसाचा धागा तिथे अडकून राहतो. बोटांनी चाचपलं तर बोट कापतं. तार जिथे टोकाच्या नळीत दाबून बसवलेली असते, त्या तोंडाशी जास्त वेळ द्यावा. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर, आणि तो टिकायला ऑक्सिजन लागतो. नळीच्या आत खारं पाणी साचतं, हवा पोचत नाही, आणि बाहेरून चकचकीत दिसणारी तार आतून खाल्ली जाते. तोंडाशी दिसणारा तपकिरी ओघळ किंवा नळीवरची केसासारखी चीर बघितली की ती तार बदलायचीच. काठी उभी असते तेव्हा शेंड्याजवळची टोकं दिसत नाहीत. काठी उतरवलेली असेल, तर ही संधी सोडू नये.

सगळं जोडून झालं की तारा कडक करायचा मोह होतो. तो आवरायचा. जमिनीवर बोट कीलवर, म्हणजे पोटाखालच्या वजनदार कण्यावर, टेकलेली असते, बाजूच्या टेकूंनी नुसती सावरलेली. पट्ट्यांत आली की तिचा सारा भार दोनच ठिकाणी येतो. पाण्यात मात्र पाणी तिला सगळीकडून वर ढकलतं आणि तीच कील खाली लोंबते. तिन्ही वेळा बोटीच्या सांगाड्यातली ओढाताण वेगळी, आणि आकारही काही मिलिमीटरने वेगळा. तारेला तेवढे मिलिमीटर पुष्कळ होतात. लाकडी बोट तर पाणी पिऊन फुगते. म्हणून जमिनीवर श्राउड फक्त हाताने घट्ट करायच्या, काठी डुलणार नाही इतपत.

उचलण्याची बाकी तयारी थोडक्यात सांगतो. पट्टे प्रोपेलरचा दांडा, सुकाणू आणि वेग मोजणारं चाक चुकवून बसवायचे. पुढचा पट्टा उतरत्या भागावरून घसरू नये म्हणून दोन्ही एकमेकांना बांधायचे. बोटीवर कुणी थांबायचं नाही. आणि वाटेत वर बघायचं: धातूची किंवा कार्बनची डोलकाठी विजेच्या तारेजवळ गेली तर जीव जातो.

पाण्यात टेकल्यावर पट्टे ढिले करायचे, पण काढायचे नाहीत. आधी आत उतरून पाणी शिरत नाही ना ते बघायचं. मग बोट मोकळी झाली की धक्का सोडायच्या आत बॅकस्टे जोडायची.

खरा ताण आता द्यायचा. त्याला महागडं उपकरण लागत नाही. हाताने घट्ट केलेल्या श्राउडला बरोबर २ मीटरची सरळ पट्टी लावायची, तिचं वरचं टोक तारेला चिकटपट्टीने पक्कं करायचं आणि खालच्या टोकाजवळ तारेवर खूण करायची. टर्नबकल फिरवत गेलं की तार लांबते आणि खूण पट्टीच्या टोकापासून सरकते. १९ सळ्यांच्या तारेत दर १ मिलिमीटरला ताण तुटण्याच्या भाराच्या ५ टक्क्यांनी वाढतो, मग तार जाड असो की बारीक, कारण जाड तार ताणायला जेवढी अवघड, तेवढीच तुटायलाही. ६ मिलिमीटरची तार साधारण ३ टनांना तुटते, म्हणजे खूण ३ मिलिमीटर सरकली की तारेत सुमारे ४५० किलोचा ताण आहे. बाजूच्या मुख्य तारांना आरंभी एवढा, म्हणजे १५ टक्के, पुरतो. दोन्हीकडचे टर्नबकल आळीपाळीने सारखेच फिरवायचे, नाहीतर काठी कलते.

शेवटची तपासणी शीड चढवूनच. मध्यम वाऱ्यात बोट २० अंशांच्या आसपास कलू द्यायची आणि वाऱ्याच्या आडच्या बाजूची श्राउड हाताने हलवून बघायची. ती जेमतेम ढिली होऊ लागलेली असावी. लोंबत असेल, तर प्रत्येक लाटेला तिला झटका बसतो आणि हजारो झटक्यांनी धातू थकतो. ती आहे त्याच बाजूला घट्ट करायची, फेऱ्या मोजायच्या, मग बोट दुसऱ्या अंगावर घ्यायची आणि तिथल्या टर्नबकललाही तेवढ्याच फेऱ्या द्यायच्या. त्यानंतर डोळा काठीच्या बुंध्याशी लावून, शिडाच्या खाचेवरून शेंड्यापर्यंत नजर टाकायची. खाच सरळ दिसली की स्प्लिट पिना फाकवायच्या आणि वर चिकटपट्टी गुंडाळायची.