लाल्या आणि उन्हाचा पाणलोट

दसरा-दिवाळीच्या सुमारास परभणी, जालना, बीडकडच्या शिवारात 'कपाशीवर लाल्या आला' ही काळजी ऐकू येते. बोंडं भरायच्या ऐन दिवसांत पानं तांबूस पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, मग पानगळ. लाल्याला आपण रोग म्हणतो, पण तो बुरशीचा नाही की जिवाणूंचा नाही. तुडतुड्यांनी रस शोषला तरी पान लालसर होतं. पण पुष्कळदा झाडाला मॅग्नेशियम किंवा नत्र, म्हणजे नायट्रोजन, कमी पडलेलं असतं.

हीच दोन का? कारण हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याला चारी बाजूंनी नायट्रोजनच्या चार अणूंनी धरलेलं असतं. ऊन पकडणारी जागा हीच. हा रेणू निळा आणि तांबडा प्रकाश भरपूर शोषतो, हिरवा त्या मानानं कमी. उरलेला हिरवा आपल्या डोळ्यांपर्यंत येतो.

मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट पुढची वाटते. पानातले बहुतेक हरितद्रव्याचे रेणू स्वतः रासायनिक काम करतच नाहीत. ते पाणलोटासारखे आहेत. माळावर पाऊस कुठंही पडो, उताराउतारानं तो ओढ्याला आणि ओढ्यातून बंधाऱ्याला येतो. तसंच शेकडो रेणूंपैकी कुणावरही प्रकाशकण पडला, तरी त्याची ऊर्जा एका रेणूकडून दुसऱ्याकडे सरकत, जिथं रासायनिक काम होतं त्या मधल्या केंद्रापर्यंत पोचते. इथला उतार ऊर्जेचा: कॅरोटिनॉइडं ही पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं सगळ्यात वर, खाली हरितद्रव्याचा 'ब' प्रकार, त्याखाली 'अ' प्रकार, आणि तळाशी केंद्र. हा सगळा प्रवास सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत उरकतो!

केंद्रातून एक इलेक्ट्रॉन निसटतो आणि त्याची जागा भरायला झाड पाणी फोडतं. पाण्याच्या दोन रेणूंमधून ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो. आपला श्वास तिथून येतो. निघालेल्या इलेक्ट्रॉनांच्या बळावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची साखर होते.

मात्र आपल्याकडे ऊन कमी पडत नाही, जास्त होतं. ऑक्टोबरच्या दुपारी जमीन वाळलेली असते, पाणी वाचवायला पान आपली छिद्रं मिटून घेतं, मग कार्बन डायऑक्साइड आत येत नाही. साखर थांबली तरी ऊन थांबत नाही. ही साचलेली ऊर्जा पेशीलाच जाळू शकते. अशा वेळी कॅरोटिनॉइडं कामाला येतात. काही मिनिटांत त्यांच्यातली काही आपलं रूप बदलतात आणि जादा ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर जाऊ लागते. बंधारा फुटू नये म्हणून सांडवा काढतात ना, तसं. ऊन उतरलं की ती हळूहळू पूर्वरूपावर येतात.

लाल्याचा लाल रंग मात्र हरितद्रव्याचा नव्हे की कॅरोटिनॉइडांचा नव्हे, तो अँथोसायनिन नावाच्या वेगळ्या रंगद्रव्याचा. ते प्रकाशसंश्लेषणात भाग घेत नाही. मॅग्नेशियम कमी पडलं की पानात तयार झालेली साखर बोंडांकडे नीट जात नाही, पानातच साठते, आणि साठलेली साखर अँथोसायनिनला चालना देते. दुसरीकडे हरितद्रव्य मोडत असतं, त्यामुळे लाल रंग उठून दिसतो.

म्हणून कपाशीत फिरताना शेंड्याआधी बुडाची पानं बघा. मॅग्नेशियम कमी पडलं की झाड जुन्या पानांमधलं काढून वरच्या कोवळ्या पानांना देतं. लाली खालून वर चढत असेल, तर मॅग्नेशियम सल्फेटच्या फवारणीचं सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) वेळेत विचारा. शेंडा हिरवा आहे तोवरच.